टेंगुळापर्यंत

धाकटीचे केस पांढरे झाले तरी ती धाकटीच राहिली. घरात दोन बहिणी. थोरलीला सगळे ताई म्हणायचे, हिला धाकटी. ताई लग्न होऊन पलीकडच्या काठावर गेली. त्या दोघींना ज्यांनी कधी एकत्र पाहिलं नाही, ती माणसंही हिला धाकटी म्हणतात. दूध न्यायला येणारी पोरं तर 'धाकटी आजी' म्हणतात. त्यात काही चुकतंय असं पोरांना वाटत नाही, आणि तिलाही नाही.

आमच्या वस्तीच्या मागे पाणथळ आहे. कुठे गुडघाभर पाणी, कुठे कमरेइतकं, मधूनमधून लव्हाळे आणि पाणकणसं. अगदी मध्यावर मातीचा एक उंचवटा वर आलाय. त्याला आम्ही टेंगूळ म्हणतो. आमच्या काठावरून निघालं की अर्ध्या वाटेवर टेंगूळ, आणि तिथून तेवढंच पुढे गेलं की ताईची वस्ती.

दोघींच्या वडिलांच्या म्हशी होत्या. मुली चालायला लागल्या तशा म्हशींमागे लागल्या. म्हशींना बोलवायची वडिलांची एक हाक होती. आधी लांब 'होऽऽ', ती मध्येच तोडायची, आणि मग जीभ टाळ्याला लावून दोनदा 'टक टक'. ऐकायला सोपी वाटते. मी शेजारी राहतो, आयुष्यभर ऐकत आलो, म्हणून एकदा करून पाहिली. म्हशी राहू द्या, माझ्या बायकोनेही वळून पाहिलं नाही. त्या दोघींच्या गळ्यातून मात्र ती वडिलांसारखीच यायची. पाण्यावरून ऐकली तर कोणती कोणाची हे सांगता यायचं नाही.

ताई पलीकडे गेली तेव्हा तिने सासरी म्हशी नेल्या आणि हाकही नेली. धाकटीचा नवरा गवंडीकाम करणारा. त्याला सगळे मिस्त्री म्हणतात. तो इकडे राहायला आला आणि वडिलांचा गोठा धाकटीकडे आला. पण दोघी दुरावल्या नाहीत. रोज धार काढून झाली की ही इकडून म्हशी पाण्यात घालायची, ती तिकडून. टेंगुळावर दोन्ही कळप भेटायचे.

राखणीचं काम बाहेरून आरामाचं दिसतं. तसं ते नाही. चिखलात उभं राहून डोळा सगळीकडे ठेवायचा, यात पाठ आणि पिंढऱ्या भरून येतात. दोघी शेजारी शेजारी उभ्या राहायच्या, काठी बगलेत, तोंडं म्हशींकडे. आणि बोलायच्या. धाकटीचं पहिलं मूल गेलं तेव्हा ती घरात रडली नाही. टेंगुळावर रडली. ताईने तिच्याकडे पाहिलंही नाही. "ती पारडी आत चाललीय, वळव तिला," एवढंच म्हणाली. धाकटी रडत रडत गेली आणि पारडी वळवून आणली. हे तिनेच मला पुढे कधीतरी सांगितलं. म्हणाली, "दादा, त्या दिवशी ताईने मला जवळ घेतलं असतं ना, तर मी तिथेच बसले असते. उठलेच नसते."

मग पाणी बिघडलं. म्हशी वाढल्या होत्या. दोन्ही काठांवरच्या गोठ्यांचा उतार पाण्याकडेच होता, त्यामुळे शेण, मूत, गोठा धुतलेलं पाणी सगळं तिकडे जायचं. पाण्यावर हिरवी साय धरली, मासे उलटे तरंगायला लागले, पक्षी यायचे बंद झाले. सरकारने पाणथळ राखीव केली आणि भोवती तार ओढली. त्या कामावर मी मजुरीला होतो. चिखलात खांब ठोकायचा म्हणजे आधी चिखल उपसायचा, मग मुरूम भरायचा, मग ठोकायचा. दोन्ही खांदे कामातून जातात. धाकटी लांब उभी राहून बघायची. चहा मात्र रोज आणून दिला.

तार झाल्यावर ताईकडे जायचं तर बस. बस पाणथळीला मोठा वळसा घालून जाते आणि मध्ये बदलावी लागते. धाकटी जायची. ताई तिला पाहुण्यासारखी खुर्ची द्यायची, आपण समोरच्या खुर्चीवर बसायची. समोरासमोर बसल्या की दोघींचं तोंड बंद.

"बरी आहेस ना?"

"बरी आहे. तू?"

"बरी. म्हशी?"

"बऱ्या आहेत."

मग चहा. मग परतीची बस. फोनवरही असंच, फक्त चहा नाही.

मिस्त्री म्हणायचा, "दिवसभर बसमध्ये हाडं खिळखिळी करून घेतेस आणि म्हशी बऱ्या आहेत एवढं ऐकून येतेस. ते मीच सांगितलं असतं."

"तुम्हाला नाही कळायचं," धाकटी म्हणायची. कळत मात्र त्याला होतं. पुढे त्याने जी फरशी उखडली, ती कळल्याशिवाय कोणी उखडत नाही.

झालं असं. तारेच्या आत पाणी स्वच्छ झालं, पण पाणकणसं माजली. खायला कोणी नाही, तुडवायला कोणी नाही. पाणीच दिसेना. उघड्या पाण्यावर उतरणारे पक्षी येऊन वर घिरट्या घालायचे आणि निघून जायचे. मग पाणथळ सांभाळायला एक नव्या बाई आल्या. वयाने लहान, पण गमबूट घालून स्वतः पाण्यात उतरायच्या. त्यांनी वस्तीतल्या म्हशीवाल्यांना बोलावलं.

"म्हशी गेल्या म्हणून घाण थांबली," बाई म्हणाल्या, "आणि म्हशी गेल्या म्हणूनच कणसं माजली. दोन्ही खरं आहे. आम्हाला थोड्या म्हशी हव्यात, पण घाण नको."

मग अटी सांगितल्या. कळप लहान ठेवायचा. गोठ्यातला थेंब पाण्याकडे जाता कामा नये. शेणाला पक्का खड्डा, वर छप्पर. जंताचं औषध दिलं की म्हैस बरेच दिवस पाण्यात घालायची नाही, कारण ते औषध शेणातून उतरतं आणि पाण्यातले किडे मरतात. पक्षी ते किडेच खातात. आणि शेवटची अट : आखून दिलेल्या पट्ट्यातच चरायचं, आणि हाक मारली की म्हैस वळली पाहिजे. वळली नाही तर परवानगी रद्द.

लोक कुरकुरले. धाकटीने एकच विचारलं, "बाई, टेंगुळापर्यंत सोडणार का?"

"इतक्या आत कशाला, काकू? काठालगत कणसं भरपूर आहेत."

"टेंगुळापर्यंत सोडणार का?"

बाईंनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. "आधी गोठा नीट करा. मग चाचणी घेऊ. जमलं तर टेंगुळापर्यंत. पलीकडच्या काठावरही हेच चाललंय."

"माहीत आहे," धाकटी म्हणाली. "बहीण आहे माझी तिकडे."

त्यानंतर जे काम झालं ते मी पाहिलंय आणि थोडं केलंय. आधी तिने दोन म्हशी चांगल्या घरी देऊन टाकल्या. मग गोठ्याची फरशी. तिचा उतार वडिलांनी घातलेला, पाण्याकडे. तो उलटा करायचा म्हणजे सगळी फरशी उखडून खाली भर घालायची आणि पुन्हा बसवायची. मिस्त्री पहिल्या दिवशी पहार घेऊन नुसता बसून राहिला.

"सासऱ्याचं काम आहे," म्हणाला. "हात लावायला बरं वाटत नाही."

"त्यांचा उतार होता, तुमचा चढ होऊ दे," धाकटी म्हणाली. "उचला."

खड्डा उंचावर खणायचा होता, पाण्यापासून लांब. तो मी आणि धाकटीने खणला. तळाला चिकणमाती घातली आणि चोपून चोपून घट्ट केली. चोपण्यात कसूर झाली की पाणी झिरपतं, आणि ते वरून दिसत नाही. म्हणून धाकटी रात्रभर पाणी भरून ठेवायची आणि सकाळी बघायची. उतरलं असलं की पुन्हा चोपायला सुरुवात. मग रोजचं शेण पाटीत भरून चढावर न्यायचं. ओल्या शेणाची पाटी दगडापेक्षा वाईट. दगड निदान डोक्यावर गप्प बसतो.

वस्तीतला दूधवाला येता जाता डिवचायचा. "काय धाकटी, आता म्हशींना चपला घालून सोडणार का पाण्यात?"

"तुझी बायको तुला सोडते तशाच सोडणार. पाय धुऊन."

सगळ्यात अवघड काम मात्र म्हशींचं. जुनी म्हैस एकच उरली होती. तिला धाकटी मुकादमीण म्हणायची, कारण ती स्वतः पुढे चालायची आणि मागे कोणी रेंगाळलं की थांबून बघायची. पाणथळ तिला ठाऊक होती. बाकीच्या तार झाल्यानंतर जन्मलेल्या. त्यांनी पाणी पाहिलं ते हौदात. बाईंनी सरावासाठी तारेला फाटक करून दिलं, तर पाण्याच्या कडेशी आल्या की पाय रोवून उभ्या.

"म्हैस आणि पाण्याला घाबरते!" धाकटी कपाळाला हात लावायची. "कोणाला सांगायची सोय नाही."

मुकादमीण पुढे घालून तिने त्यांना आत नेलं, आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. आत गेल्या की वडिलांची हाक, आल्या की मूठभर पेंड. हळूहळू हाकेला सरावल्या. एका हाकेत अख्खा कळप फिरायचा. धाकटी फोनवर ताईला सांगायची, "माझ्या वळतात." ताई सांगायची, "माझ्याही."

चाचणी ठरली. पक्ष्यांची बहुतेक पिल्लं उडून गेली होती. टेंगुळाच्या एका बाजूला लव्हाळ्यात काही उशिराची घरटी होती, तेवढा भाग बाईंनी दोरीने वेगळा केला. पट्टा दाखवायला पाण्यात काठ्या रोवल्या. त्या मीच रोवल्या आणि टेंगुळाजवळच्या काठीपाशी कमरेइतक्या पाण्यात मला उभं केलं, म्हशी कुठे जातात ते बघायला. दोन्ही काठांवरून कळप एकाच वेळी निघाले.

मुकादमीण पुढे, मागे सगळ्या ओळीत. कणसं खात, तुडवत, पट्टा न सोडता येत होत्या. बाई होडीत होत्या. खूश दिसत होत्या. पलीकडून ताईचा कळप दिसायला लागला. मागे ताई. खूप वाकलेली वाटली, पण काठी तशीच बगलेत.

ताईची एक म्हैस पट्ट्याबाहेर निघाली. ताईने हाक दिली. 'होऽऽ', टक टक.

मुकादमिणीने मान वर केली. तिला वडिलांची हाक ऐकू आली होती, आणि हाक आली की जायचं एवढंच तिला माहीत. ती वळली आणि सरळ हाकेच्या दिशेने निघाली. मागे सगळ्या. सरळ रेषेत दोरी होती आणि दोरीपलीकडे लव्हाळे. म्हशीला दोरी म्हणजे काही नाही.

धाकटी ओरडली. तिने जोरात हाक दिली. तिच्या म्हशी थबकल्या, आणि ताईचा कळप वळून तिच्याकडे निघाला. तेव्हा ताईने हाक दिली. मग हिने. जितक्या हाका तितका गोंधळ. दोन्ही कळप एकमेकांत घुसले, सगळे लव्हाळ्यात. आजवर कधी अडलं नव्हतं, कारण पूर्वी दोघींनाही कळप एकत्रच हवे असायचे. दोन गळ्यांत एक हाक ही अडचण होऊ शकते, हे दोघींच्याही डोक्यात आलं नव्हतं.

बाईंनी शिट्टी वाजवून सगळं थांबवलं. माणसं उतरली, म्हशी वेगळ्या काढल्या. काही घरटी मोडली होती. बाई पाण्यात वाकून तुटलेली अंडी बघत होत्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर धाकटीला सोपं गेलं असतं. दोघी बहिणी आपापल्या काठाला परत पाठवल्या गेल्या. एकमेकींशी एक शब्द बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी बाई गोठ्यावर आल्या. फरशी बघितली, खड्डा बघितला. म्हणाल्या, "काकू, इतकं चांगलं काम दोन्ही काठांवर दुसऱ्या कोणी केलेलं नाही. परवानगी देते. पण एक दिवस तुमचा, एक दिवस पलीकडचा. एकत्र नाही."

"मग टेंगुळावर मी एकटीच," धाकटी म्हणाली.

"चारा तर मिळेल."

"चाऱ्यासाठी नव्हतं केलं हो ते."

बाईंनी खड्ड्याकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग म्हणाल्या, "हाका वेगळ्या करा. पुढच्या मोसमात पुन्हा चाचणी घेऊ."

त्या संध्याकाळी धाकटीने ताईला फोन लावला. आमच्या दोन घरांमधल्या कुंपणाच्या या बाजूला मला सगळं ऐकू येत होतं, आणि मोठ्याने बोलत असल्यामुळे ताईचंही बरंच.

"मी मोठी आहे. मला आधी शिकवली त्यांनी."

"मला नीट शिकवली. तुझं 'टक' अर्धं राहतं."

"माझ्या म्हशी येतात की नाही अर्ध्या टकवर?"

"माझ्याही आल्या ना! तोच तर घोळ झाला."

मग दोघी हसल्या. फोनवर त्या इतकं बोललेल्या मी पहिल्यांदाच ऐकलं. शेवटी धाकटी म्हणाली, "ठेव तू. मी बदलते."

बदलते म्हणणं सोपं. गळा ऐकत नाही. दुसरा कुठलाही आवाज काढायला गेली की निम्म्यात वडिलांची हाक यायची. शेवटी तिने गळ्याचा नाद सोडला. दुधाचा जुना पत्र्याचा डबा घेतला आणि काठीने वाजवायला लागली. पेंड घालताना डबा, पाणी दाखवताना डबा, सोडताना डबा. हाक एकदाही नाही. मिस्त्री वैतागला. "लग्नाच्या वेळी वाजंत्री परवडली नव्हती, ती आता वसूल करतेस काय?"

तरण्या म्हशी डब्याला लागल्या. मुकादमीण लागली नाही. डबा वाजला की ती धाकटीच्या तोंडाकडे बघत उभी राहायची. हाक यायची वाट बघत. धाकटीने खूप दिवस धीर धरला. ती जुनी हाक विसरणार नाही आणि तिच्यामागे बाकीच्या जाणार, हे तिला कळत होतं. एक दिवस तिने टेम्पो बोलावला. मुकादमीण ताईकडे पाठवली.

"दादा, तिकडे तिला हाक मिळेल," मला म्हणाली. आणि पाटी उचलून चढाला लागली.

पुढच्या मोसमात चाचणी झाली. मी पुन्हा त्याच काठीपाशी. धाकटीचा कळप आला, डब्यावर थांबला, डब्यावर वळला, पट्ट्याच्या आत राहिला. कळपामागून ती टेंगुळावर चढली आणि काठी बगलेत धरून उभी राहिली. पलीकडून मुकादमीण पुढे घालून ताईचा कळप आला. मागे ताई नव्हती. ताईची सून होती.

ती टेंगुळावर आली आणि धाकटीच्या शेजारी उभी राहिली. सासूने शिकवलेलं असणार, तोंड म्हशींकडे.

"मावशी, आई काठावर आहेत. खुर्ची टाकून बसल्यात. ते पाहा."

पलीकडच्या काठावर एक ठिपका होता.

"पाण्यात का नाही उतरली?"

"गुडघे गेलेत त्यांचे. मागच्या चाचणीला उतरल्या ती शेवटची. नंतर महिनाभर पडून होत्या."

"मला बोलली नाही."

"सांगू नको म्हणाल्या. म्हणाल्या, तिला कळलं तर डबा फेकून देईल, आणि मग तीही टेंगुळावर जायची नाही."

धाकटी म्हशींकडे बघत राहिली. मुकादमीण कणसं ओढत होती, अंगाने भरली होती.

"हिला चांगली ठेवलीय."

"आई रोज तिच्याजवळ उभ्या राहतात, गव्हाणीला टेकून. बोलत असतात काहीबाही. आम्ही गेलो की गप्प होतात."

"काय बोलते?"

"तुमचंच असतं बरंच. एकदा मी ऐकलं, विचारत होत्या..."

तेवढ्यात पलीकडच्या काठावरून हाक आली. 'होऽऽ', आणि दीड टक. म्हशी वळवायची काही गरज नव्हती. एकही पट्ट्याबाहेर गेलेली नव्हती. ताईला टेंगुळावर धाकटी उभी दिसली असणार, आणि तिच्या तोंडून हाक निघून गेली.

मुकादमिणीने मान उचलली आणि वळली. तिच्यामागे ताईचा सगळा कळप.

"अहो आई, काय हे!" सून हसत ओरडली आणि पाण्यात धावली. "मावशी, उद्या सांगते!" मागे वळून म्हणाली खरं, पण म्हशी पुढे निघाल्या होत्या आणि तिला त्यांना गाठायचं होतं.

धाकटीच्या म्हशी हलल्या नाहीत. एकीनेही कान टवकारला नाही. होडीतून बाईंनी हात वर करून 'छान' अशी खूण केली. चाचणी जमली होती.

धाकटीचा गळा हलताना मी पाहिला. हाक तिने बाहेर येऊ दिली नाही. डबा तिने पोटाशी धरला होता. टेंगुळावरून उतरून ती माझ्या काठीपाशी आली, परवानगी जिथे संपते तिथे, आणि पाण्यात उभी राहिली, तोंड पलीकडच्या काठाकडे.

बाईंनी वेळ संपल्याची शिट्टी दिली. मी म्हणालो, "चल, धाकटी."

तिच्या म्हशींचं खाऊन कधीच झालं होतं. टेंगुळाभोवती पाण्यात बसून रवंथ करत होत्या.

"थांब, दादा," ती म्हणाली. "अजून थोडं खाऊ दे त्यांना."